दोन कामकरी आणि शहाण्णव कामकरी

दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे हा मनुष्याचा जुना छंद होय. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो, बैल घेताना त्याचे दात पाहतो. या परीक्षा पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेल्या असल्यामुळे त्यांत सहसा कोणी फसत नाही. परंतु ज्या वस्तूच्या अंतरंगात आपली दृष्टी पोचत नाही, तिची पारख करण्याची वेळ आली म्हणजे भलेभले गोंधळतात, आणि वस्तूवर छापलेल्या आकड्यालाच तिचा गुण समजू लागतात. संगणक ही अशीच एक वस्तू होय. हल्ली आपल्या जालना जिल्ह्यातील पुष्कळ घरांत संगणक कोणता घ्यावा, जुना ठेवावा की नवा आणावा, याची चर्चा चालू असते. त्या चर्चेस थोडे साहाय्य व्हावे एवढ्याच हेतूने पुढील चार शब्द लिहीत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मंठा तालुक्यातील एका खेड्यातून आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांसह माझ्याकडे आला होता. दहावीनंतर त्याने संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेस प्रवेश घेतला आहे. त्याच्या काखेत एक लॅपटॉप होता. तो त्याच्या मामांनी इ. स. २०१३ साली स्वतःसाठी घेतलेला व पुढे भाच्यास दिलेला. मुलाच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीत आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचे नाव व त्यापुढे २ हा आकडा; दुसऱ्या ओळीत एका अद्ययावत वर्कस्टेशनच्या प्रोसेसरचे नाव व त्यापुढे ९६ हा आकडा. खाली भागाकार करून त्याने उत्तर काढले होते : ४८.

“सर, माझं यंत्र अठ्ठेचाळीस पटीनं कमी आहे. वर्गातल्या मुलांबरोबर मी कसा टिकणार?” एवढे बोलून तो खाली पाहू लागला.

वडिलांची कोरडवाहू शेती. शहरातील एका दुकानदाराने त्यांना ‘वर्कस्टेशन’ या नावाखाली लाखाहून अधिक किमतीचे एक यंत्र दाखविले होते, आणि याखेरीज मुलाचे शिक्षण व्हावयाचे नाही असे बजावले होते. रक्कम खाजगी सावकाराकडून उचलण्याचे जवळजवळ ठरलेच होते.

“सर, पोराच्या शिक्षणात कमी पडायचं नाही,” ते म्हणाले, “पण कर्ज काढायच्या आधी एकदा तुमच्या कानावर घालावं म्हटलं.”

“भाऊ, आठ दिवस थांबा,” मी म्हणालो, “आपण दोन्ही यंत्रं समोर ठेवून पाहू.”

मुलाने केलेला भागाकार अंकगणिताच्या दृष्टीने अगदी बिनचूक होता. प्रश्न एवढाच होता की, तो भागाकार नेमके काय सांगतो. हे समजण्यासाठी प्रोसेसर म्हणजे काय ते प्रथम पाहिले पाहिजे.

प्रोसेसर हा संगणकातील आकडेमोड करणारा भाग होय. त्यास ज्या सूचना दिल्या जातात त्या तो एकामागून एक अमलात आणतो : हे दोन आकडे मिळव, हा त्याहून मोठा आहे काय ते पाहा, मोठा असल्यास अमुक ठिकाणी जा. एवढ्या साध्या कामांपासूनच पत्र, चित्र, गाणे, हिशेब हे सर्व तयार होते. पूर्वी एका प्रोसेसरमध्ये असे काम करणारा एकच घटक असे. पुढे एकाच तुकड्यावर असे अनेक घटक बसविण्यात येऊ लागले. त्यांना कोअर असे नाव आहे. आपण त्यांना या लेखापुरते ‘कामकरी’ म्हणू.

मुलाच्या लॅपटॉपमध्ये इंटेल कंपनीचा कोअर आय-५ ३३२०एम हा इ. स. २०१२ साली बाजारात आलेला प्रोसेसर आहे. त्यात दोन कामकरी आहेत. त्यांच्या कामाचा ठोका सेकंदास २६० कोटी वेळा पडतो, आणि निकड असल्यास तो ३३० कोटींपर्यंत चढतो. कागदावरील दुसरा प्रोसेसर म्हणजे एएमडी कंपनीचा रायझन थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स. हा इ. स. २०२३ च्या अखेरीस आला. त्यात ९६ कामकरी आहेत. प्रत्येकी आठ कामकऱ्यांचे बारा तुकडे एका पाटावर जोडून तो सिद्ध केलेला आहे. त्याचा मूळ ठोका सेकंदास २५० कोटी, आणि कमाल ठोका ५१० कोटी. बाजारात आला तेव्हा या एकट्या प्रोसेसरची किंमत ९,९९९ डॉलर, म्हणजे आपल्या चलनात आठ लाख रुपयांच्या वर होती. बाकीचे यंत्र निराळे. अर्थात दुकानदार जे विकू पाहत होता ते हे नव्हेच. त्याने केवळ नावाचा मोठेपणा उसना घेतला होता.

आता मौज पाहा. अकरा वर्षांत कामकऱ्यांची संख्या दोनांवरून शहाण्णवांवर गेली. परंतु ठोक्याचा कमाल वेग दीडपटीहून किंचित अधिक एवढाच वाढला. मूळ ठोका तर नव्यापेक्षा जुन्याचाच अंमळ जलद आहे! असे का व्हावे?

याचे कारण उष्णता. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रोसेसरचा ठोका वर्षानुवर्षे झपाट्याने वाढत होता. त्यातील ट्रान्झिस्टर नामक सूक्ष्म कळी जसजशी लहान करता येई, तसतसा ठोकाही वाढविता येई आणि उष्णता आटोक्यात राही. परंतु इ. स. २००४-०५ च्या सुमारास ही सोय संपली. कळी लहान झाली तरी ठोका वाढविताच तुकडा असह्य तापू लागला. तेव्हा निर्मात्यांनी दुसरी वाट धरली. एका कामकऱ्यास अधिक पळवता येत नाही, तर कामकरीच वाढवावेत, असे त्यांनी ठरविले. जुन्या प्रोसेसरच्या घडणीस २२ नॅनोमीटरची, तर नव्याच्या घडणीस ५ नॅनोमीटरची म्हणतात. या संख्या आता मोजपट्टीने मोजलेल्या लांबीच्या राहिल्या नसून पिढीच्या नावासारख्या वापरल्या जातात. तथापि पूर्वीच्या मानाने कितीतरी अधिक कळ्या तेवढ्याच जागेत मावतात, हे खरे.

परंतु कामकरी वाढल्याने काम नेहमीच लवकर होते काय? आपल्या शेताकडे पाहू. दोन बायांनी कापूस वेचावयास घेतला आणि त्यास शहाण्णव दिवस लागणार असले, तर शहाण्णव बाया लावल्यास तो दोन दिवसांत वेचून होईल. प्रत्येकीने आपापली ओळ धरावी. एकीचे दुसरीवाचून अडत नाही. परंतु एखाद्याने अंबडहून जालन्यास पायी चालत जाण्यास जो वेळ लागतो, तो त्याच्याबरोबर शहाण्णव माणसे निघाली म्हणून कमी होत नाही. दुसरे पाऊल पहिल्याच्या पुढेच पडावयाचे. पाऊल वाटून घेता येत नाही.

संगणकाची कामेही या दोन प्रकारची असतात, आणि पुष्कळशी दोहोंचे मिश्रण असतात. जीन अॅमडाल या अमेरिकन शास्त्रज्ञाने इ. स. १९६७ साली यासंबंधीचा विचार मांडला. त्याचा आशय असा की, कामातील जो भाग वाटून देता येत नाही तोच शेवटी एकंदर वेग ठरवितो. उदाहरणार्थ, एका कामाचा दहावा हिस्सा वाटण्याजोगा नाही असे धरा. मग शहाण्णव सारख्याच कामकऱ्यांना लावूनही ते काम एकट्याच्या मानाने सुमारे नऊ पटच जलद होईल, आणि लाख कामकरी लावले तरी दहा पटींच्या पलीकडे जाणार नाही. अर्धे काम अविभाज्य असेल, तर वेग दुप्पटही व्हावयाचा नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित अपूर्णांकांनी स्वतः करून पाहावे. ते फार कठीण नाही.

येथवर झाले ते तत्त्व. परंतु मुलाची खात्री तत्त्वाने पटेल असे मला वाटले नाही. छत्रपती संभाजीनगर येथे माझा एक जुना विद्यार्थी यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात नोकरीस आहे, आणि तेथे शहाण्णव कामकऱ्यांचे तसे वर्कस्टेशन आहे. त्याने परवानगी मिळविली, आणि एका रविवारी मुलास व त्याच्या लॅपटॉपला घेऊन मी तेथे गेलो. तीन कामे दोन्ही यंत्रांना द्यावयाची असे आम्ही ठरविले.

पहिले काम मुलाच्या अभ्यासातील. त्याने वर्गात लिहिलेला प्रोग्रॅम तपासून चालविणे व त्याचा अहवाल लिहिणे. दोन्ही यंत्रांवर कळ दाबून बोट उचलले न उचलले तोच उत्तर पुढे आले. कोणते आधी आले हे डोळ्यांनी सांगता येईना. मुलाने तेच पुनःपुन्हा करून पाहिले.

दुसरे काम अंबड-जालना प्रवासासारखे. एक संख्या घ्यावयाची, तिचा वर्ग करावयाचा, शेवटचे काही अंक ठेवून पुन्हा वर्ग करावयाचा, आणि असे कोट्यवधी वेळा करावयाचे. प्रत्येक पायरीस मागच्या पायरीचे उत्तर हवे. येथे नवे यंत्र पुढे गेले खरे, परंतु दोन-अडीच पटींच्याच आसपास. वर्कस्टेशनच्या पडद्यावर प्रत्येक कामकऱ्याची हालचाल दिसत होती. एक राबत होता आणि पंचाण्णव स्वस्थ बसले होते. ठोका दीडपटच जलद असून वेग अडीच पटींपर्यंत गेला, याचे कारण नवा कामकरी एका ठोक्यात जुन्याहून अधिक काम उरकतो. ही सुधारणा लहान दिसली तरी खरी आहे, आणि तिचा मान दिला पाहिजे.

तिसरे काम कापूस वेचणीसारखे. एका मोठ्या मर्यादेपर्यंतच्या मूळ संख्या शोधावयाच्या. मर्यादेचे तुकडे पाडून प्रत्येक कामकऱ्यास एकेक द्यावयाचा. वर्कस्टेशनने हे काम उरकले तेव्हा आमच्या पेल्यांत चहा ओतून व्हावयाचा होता. लॅपटॉपचा पंखा घोंगावू लागला, अंग तापले. आमचा चहा झाला, गप्पा झाल्या, तरी तो काम करीतच होता. फरक पन्नास पटींच्या घरातला होता. या ठिकाणी मुलाचा भागाकार जवळजवळ बरोबर ठरला.

“म्हणजे सर,” मुलगा हळूच म्हणाला, “अठ्ठेचाळीस हा आकडा खोटा नाही, पण तो प्रत्येक कामाचा नाही.” याहून अधिक नेमके मला स्वतःला सांगता आले नसते.

दोन्ही यंत्रांतील आणखी एक फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे. कामकऱ्यास आकडे पुरविणारे जे कोठार असते त्यास मेमरी म्हणतात. कोठारापासून कामकऱ्यापर्यंतचा रस्ता किती रुंद आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. जुन्या प्रोसेसरचा हा रस्ता सेकंदास जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माल वाहतो. नव्याचा सुमारे ३३३ गिगाबाइट. म्हणजे रस्ता तेरा पट रुंद झाला, परंतु त्यावर विसंबणारे कामकरी अठ्ठेचाळीस पट झाले! दर कामकऱ्यामागे हिशेब केल्यास जुन्यास १२.८ गिगाबाइट, तर नव्यास अवघे साडेतीन गिगाबाइट मिळतात. मोंढ्यात हमाल पुष्कळ आणि फाटक अरुंद असले म्हणजे जी स्थिती होते, तीच ही. म्हणूनच निर्मात्यांनी कामकऱ्यांच्या हाताशी, त्यांच्या बैठकीलगतच, एक लहान कोठी ठेवली आहे. तिला कॅश म्हणतात. जुन्यात ही कोठी ३ मेगाबाइटची, नव्यात सर्वांत मोठी कोठी ३८४ मेगाबाइटची आहे. नेहमी लागणारा माल कोठीतच मिळाला म्हणजे वारंवार फाटकाबाहेर जावे लागत नाही.

विजेचा हिशेबही उद्बोधक आहे. जुन्याचे निर्मात्याने दिलेले मान ३५ वॅट, तर नव्याचे ३५० वॅट. दिवसातून आठ तास पूर्ण राबविल्यास जुना पाव युनिटाहून किंचित अधिक, आणि नवा २.८ युनिट वीज घेईल. परंतु दर कामकऱ्यामागे पाहिल्यास जुना १७.५ वॅट घेतो, आणि नवा चार वॅटही घेत नाही. एकेक कामकरी काटकसरी, परंतु कुटुंब मोठे, असा हा संसार आहे. ज्या गावी संध्याकाळी वीज जाते, तेथे बॅटरीवर तग धरणारा लॅपटॉप उपयोगी पडतो. वर्कस्टेशन तेथे नुसते शोभेचे होईल.

परत येताना रेल्वेत मी मुलास आपल्याच महाराष्ट्रातील दोन यंत्रांची हकीकत सांगितली. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक या नावाचा संगणक बांधण्यात आला आणि इ. स. १९६० साली तो कामास लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याच्या मुख्य कोठारात ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या भाषेत अवघे १० किलोबाइट. या मुलाच्या प्रोसेसरच्या कोठीतच त्याच्या तीनशे पट माल राहतो. तथापि त्या दहा किलोबाइटांवर आपल्या शास्त्रज्ञांनी खरीखुरी शास्त्रीय गणिते सोडविली, आणि संगणक बांधणे व चालविणे या दोन्ही विद्या हस्तगत केल्या.

दुसरे यंत्र पुण्याचे. बलाढ्य संगणक परदेशातून हवा तसा मिळण्यात अडचणी येऊ लागल्या, तेव्हा इ. स. १९८८ साली पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली इ. स. १९९१ साली परम ८००० हा संगणक सिद्ध झाला. त्यातील एकेक प्रोसेसर फार सामर्थ्यवान होता असे नाही. ट्रान्सप्यूटर नावाचे लहान लहान प्रोसेसर शेकड्यांनी एकत्र जोडून, काम वाटून देऊन, त्यांनी ते सामर्थ्य उभे केले. आज शहाण्णव कामकरी एका पाटावर बसविताना जी युक्ती दिसते, तीच पुण्याच्या त्या मंडळींनी तीस वर्षांपूर्वी खोलीभर पेट्यांत योजिली होती. परम ८००० चे कमाल सामर्थ्य सेकंदास सुमारे १०० कोटी दशांश-गणिते एवढे होते. आता या जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचे कागदोपत्री कमाल सामर्थ्य काढा : दोन कामकरी, प्रत्येकाची एका ठोक्यात आठ गणिते, आणि २६० कोटी ठोके. गुणाकार ४,१६० कोटी होतो. ज्या यंत्राचा एके काळी देशास अभिमान वाटला, त्याच्या चाळीस पट शक्ती या मुलाच्या काखेत होती, आणि तो लाजत होता! अर्थात याच हिशेबाने नवा प्रोसेसर जुन्याच्या नव्वद पटींवर जातो, हेही मी त्यास सांगितले. एकाच बाजूचा आकडा सांगणे बरे नव्हे.

आठ दिवसांनी वडील पुन्हा आले. सर्व वृत्तांत ऐकून त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला फार मार्मिक वाटला. “मग सर, एवढी मोठी यंत्रं लागतात तरी कुणाला?”

“भाऊ, तुम्हालाच लागतात,” मी म्हणालो.

आणि हे अक्षरशः खरे आहे. पावसाचे अनुमान काढणारी पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था हे काम असंख्य प्रोसेसरांच्या बळावर करते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील ‘अर्क’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. त्याचे सामर्थ्य ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे एकावर पंधरा शून्ये दिली असता होईल तितकी गणिते एका सेकंदात. हवामानाचे अनुमान काढताना पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनावरील वारा, उष्णता व आर्द्रता यांचा हिशेब क्षणाक्षणाने पुढे नेतात. चौकोन वाटून देता येतात, म्हणून हे काम कापूस वेचणीच्या जातीचे आहे. परंतु शेजारच्या चौकोनात काय चालले आहे हे प्रत्येकास पुनःपुन्हा विचारावे लागते, म्हणून रस्ताही रुंद हवा. पूर्वी हे चौकोन बारा किलोमीटरचे होते. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या पद्धतीत ते सहा किलोमीटरचे झाले. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम सुमारे आठ पट वाढते. एवढे सोसून काय मिळते? बारा किलोमीटरच्या चौकोनात मंठ्याकडची अनेक खेडी एकाच आकड्याखाली झाकली जातात. चौकोन लहान झाला म्हणजे कोणत्या शिवारात पाऊस पडेल हे अधिक जवळून सांगण्याची शक्यता निर्माण होते. पेरणी आज करावी की चार दिवस थांबावे, हा प्रश्न ज्याच्या घरात आहे, त्यास या यंत्रांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता जुन्या यंत्राची भलावण करण्याचा माझा हेतू आहे असा कोणी समज करून घेऊ नये. जुन्याची मर्यादा असते आणि ती उघड सांगितली पाहिजे. या लॅपटॉपचा खरा अडसर त्याच्या प्रोसेसरमध्ये नव्हता. तो फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये आणि अपुऱ्या मेमरीत होता. यंत्र सुरू व्हावयास जी दहा मिनिटे लागत ती यामुळे. तबकडीच्या जागी एसएसडी बसविली, मेमरी वाढवून आठ गिगाबाइट केली. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या अल्पशा हिश्श्यात हे झाले. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ज्या प्रोसेसरांसाठी अधिकृतपणे दिली जाते त्यांत हा जुना प्रोसेसर बसत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही त्यास सुरक्षित ठेवण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला. यासाठी विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली त्यावर घातली. ती शिकावयास मुलास पंधरा दिवस कष्ट पडले. पदविकेच्या शेवटच्या वर्षी मोठे चित्रकाम किंवा यंत्रशिक्षणाची जड गणिते करण्याची वेळ आल्यास हे यंत्र पुरे पडणार नाही, हेही मी त्यास सांगून ठेवले आहे. त्या वेळी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक वापरावा, अथवा दूरचे यंत्र तासाच्या भाड्याने घ्यावे. आणि पुढे नोकरी लागून कामच तसे आले, तर नवे यंत्र अवश्य घ्यावे. त्या वेळी ते चैन ठरणार नाही. कर्ज मात्र निघाले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी जुने यंत्र असेल, काहींच्या घरी एकही नसेल. यंत्राच्या आकड्यांवरून स्वतःची किंमत करीत बसू नका. जे यंत्र हाती आहे त्यावर काय होते व काय होत नाही, याची यादी करा. काम अडले तर ते प्रोसेसरपाशी अडले, मेमरीपाशी अडले, की तबकडीपाशी, हे शोधून काढा. हा शोध घेणे हाच संगणकशास्त्राचा पहिला धडा आहे, आणि तो दोन कामकऱ्यांच्या यंत्रावर शहाण्णवांच्या यंत्रापेक्षा चांगला शिकता येतो. कारण जेथे सामर्थ्य तोकडे असते, तेथेच कोठे काय खर्च होते हे दिसून येते.

आणि पालकवर्गास एवढीच विनंती की, नवा संगणक घेण्यापूर्वी मुलास एक प्रश्न विचारावा : कोणत्या कामासाठी? त्याला उत्तर देता आले, तर त्या कामाची जात कोणती, वेचणीची की चालण्याची, हेही विचारावे. उत्तर न आल्यास दुकानाची पायरी चढण्याची घाई करू नये. शाळेत येऊन भेटावे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत असतो. जुना संगणक बरोबर आणावा, आपण तो उघडून पाहू.